एकोणिसाव्या पानावरचा हात

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तिला सगळे डागबाई म्हणत. मालक म्हणे, गिऱ्हाइकं म्हणत, कपड्यांची गाठोडी पोचवणारा टेंपोवालाही म्हणे. तिला त्यात कमीपणा वाटत नसे. सव्वीस वर्षं ती कपड्यांवरचे डाग काढत होती. माणसाला त्याच्या कामावरून हाक मारावी, त्यात निदान खोटं काही नसतं, असं तिचं मत होतं. मतं तिला पुष्कळ होती आणि ती सांगताना ती आवाज खाली आणत नसे.

तिचं टेबल दुकानाच्या मागच्या खोलीत, एकुलत्या एका खिडकीखाली होतं. टेबलावर वाफेची नळी, औषधांच्या पाच बाटल्या, मऊ ब्रश, हाडाची चपटी पट्टी आणि दोऱ्याची दोन रिळं. एक पांढरं, एक लाल. कपडा आला की ती काउंटरवर यायची, तो उजेडात धरायची, आणि गिऱ्हाइकाच्या समोरच प्रत्येक डागाभोवती धावदोरा घालायची. पांढरा दोरा म्हणजे काढायचा. लाल दोरा म्हणजे हात लावायचा नाही.

लाल रीळ संपायला वर्षं लागत. पण लागायचं ते. एकाच्या कोटाच्या खिशावर त्याच्या बापाच्या पेनाची शाई पसरली होती. एका बाईच्या शालीवर दुधाचा पिवळट ठिपका होता. त्याच्याबद्दल ती नुसतं "तो नको" म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली. डागबाईनं कारण विचारलं नाही. कारण विचारायचं नसतं. काढू का, एवढं मात्र विचारायचंच असतं.

"डाग ठेवायचाय तर माणसं कपडा धुवायला आणतात कशाला?" मालक हसायचा.

"तुम्ही काउंटर सांभाळा," ती म्हणायची. "डागांतलं तुम्हाला कळलं असतं तर मला ठेवलं असतं का?"

दुकान रविवारी बंद असे. रविवार पानाचा.

हे पानांचं वेड तिला सरांनी लावलं होतं. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी सहा वर्षांपूर्वी नऊ जणांचा एक ग्रुप जमवला. दर आठवड्याला प्रत्येकानं आपण काढलेला एक फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर त्याचं पान करायचं, म्हणजे मागे कागद, भोवती चौकट, खाली चार ओळी, आणि रविवारी सकाळी ते सगळ्यांसमोर ठेवायचं. वर्षाची बावन्न पानं. जुन्या चिकटवहीसारखंच, फरक एवढाच, की बोटांना डिंक लागत नाही.

नियम तीन होते. फोटो त्याच आठवड्यातला हवा. पानाची फाइल सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये उघडी ठेवायची. कागद, फोटो, चौकट, सावली, एकावर एक ठेवलेले सगळे थर, लेअर, सुटे, म्हणजे एकाचं बघून दुसऱ्याला शिकता येतं. आणि तिसरा नियम सरांचा लाडका होता: कोणी कोणाच्या पानाला "छान" म्हणायचं नाही. पानात आपल्याला दिसलेली एक गोष्ट लिहायची. "सावली उजवीकडे पडली आहे." "मागच्या खिडकीत कोणीतरी उभं आहे." एवढंच.

डागबाईला हा तिसरा नियम फार आवडला होता. दुनियेत "छान छान" करणाऱ्यांची कमी नव्हती, आणि बघणारं कोणी नव्हतं. तिच्या पानांवर फुलं नसत, फिती नसत, फुगे नसत. एक फोटो, एक करडा कागद, दोन ओळी. नऊ जणांत तिची पानं सगळ्यांत उघडीबोडकी असत. सर म्हणायचे, "बाई, तुमचा डोळा धोब्याचा आहे." ती म्हणायची, "धोब्याचा नाही, सर. डागवालीचा. धोबी नुसता आपटतो."

तिची एक सवय होती आणि पुढचं सगळं त्या सवयीतून झालं. पान फोल्डरमध्ये ठेवलं की ती फोनमधला मूळ फोटो पुसून टाकी. कॉम्प्युटरवरची फाइलही. फोन भरला की तिला खोलीत पसारा झाल्यासारखं वाटे. फोटो पानात आहे, पान फोल्डरमध्ये आहे, मग घरी आणखी एक कशाला? नऊ माणसं रोज येतात-जातात तिथं ठेवलेली वस्तू हरवत नाही, असं तिला वाटत होतं.

ती तिच्या ताईबरोबर राहत होती. ताई नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ताईनं घर हातात घेतलं आणि पुन्हा कोणाच्या हातात दिलं नाही. स्वयंपाक तिचा, किल्ल्या तिच्या, ओरडणंही तिचंच. डागबाईला कोणी घाबरत नसेल असं नाही, पण डागबाई घाबरायची ती फक्त ताईला.

आणि ताई फोटो काढू देत नसे. "माझं तोंड मी रोज आरशात बघते. तेवढं माझ्या नशिबात आहे, बाकीच्यांनी काय पाप केलंय?" फोन वर उचलला की ती हातातलं फडकं तोंडावर घ्यायची. "लांब ने तो डबडा. नाहीतर हात मोडून देईन, मग काढ डाव्या हातानं डाग." एक सरकारी कार्डावरचा फोटो होता. त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसत होती, आणि तो फोटो बघून ती स्वतःच म्हणाली होती, "हिला घरात घेऊ नका."

एकोणिसाव्या आठवड्यात डागबाई खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या कपाचा फोटो काढत होती. सकाळचं ऊन डावीकडून येत होतं, कपातून वाफ निघत होती. ताईला वाटलं, ही उगाच कप बघत बसलीय. तिनं बाजूनं हात घातला आणि कप दोन बोटांनी पुढे सरकवला. ती नेहमी तसाच सरकवायची. "चहा घे" असं तिनं आयुष्यात म्हटलं नव्हतं. त्याच क्षणी फोटो निघाला. डाव्या कडेला मनगटापर्यंत हात, पुढे काढलेली दोन बोटं, अंगठ्याजवळ सुरीची जुनी पांढरी खूण.

"आलो का गं मी त्यात?" ताईनं विचारलं. घरी दोघीच असल्या की ती कधीकधी स्वतःला "मी आलो, मी गेलो" म्हणायची, वडलांसारखी.

"नाही," डागबाई खोटं बोलली.

तिनं त्याचं पान केलं. खाली लिहिलं: *निवतोय.*

सत्ताविसाव्या आठवड्यात ताई गेली. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या, भाजी निवडताना. त्या रविवारी डागबाईनं दारातल्या चपलांच्या एका जोडाचं पान ठेवलं. सगळ्यांना कळलं. सरांनी लिहिलं, "पायताणाचा उजवा अंगठा जास्त झिजला आहे." ते खरं होतं, आणि तिला ते बरं वाटलं. तेव्हा सरांबद्दल तिच्या मनात काही वावगं नव्हतं.

एकोणिसावं पान तिनं त्यानंतर उघडलं नाही. दुखऱ्या दातावर माणूस चावत नाही तसं. पण ते आहे, हे तिला ठाऊक होतं. भांडी घासताना ठाऊक होतं, वाफेच्या नळीखाली कॉलर धरताना ठाऊक होतं. कधीतरी, जमेल तेव्हा, ती ते उघडणार होती.

चव्वेचाळिसाव्या आठवड्यात सरांनी ग्रुपला कळवलं: यंदा आपल्या पानांचं पुस्तक छापायचं. प्रत्येकाची चार पानं मी निवडली आहेत, बघून घ्या. डागबाईनं दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून फाइल उघडली. तिच्या चार पानांत एकोणिसावं होतं.

कट्टा होता. कप होता. वाफ होती. हात नव्हता.

तिनं आधी फोन पुसला. मग चष्मा पुसला. मग फोल्डरमधलं मूळ पान उघडलं. तिथंही नव्हता. फाइल तीच, नाव तेच, तिच्या करड्या कागदावर तिची चौकट तशीच. फक्त डाव्या कडेला हात होता तिथं आता खिडकीचा कट्टा होता. गुळगुळीत, उन्हानं भरलेला, कोणीच कधी तिथून हात घातला नाही असा कट्टा. दगडाच्या रेषासुद्धा पुढे ओढून जोडल्या होत्या. काम चांगलं होतं. त्यानं तिचं डोकं आणखी फिरलं. अडाण्यानं केलेलं नव्हतं हे. कोणीतरी तास दीड तास बसून, जीव ओतून तिची बहीण पुसली होती.

मग तिला ते दिसलं. सव्वीस वर्षांत डाग निघाला की त्याच्या कडेला काय उरतं ते बघायची तिला सवय लागली होती. कपाच्या पांढऱ्या पोटावर दोन बोटांची सावली तशीच होती.

तिनं सरांना फोन लावला.

"हां बाई, बघितलंत का?" सर खुशीत होते. "एकोणीस बघा. काय मोकळं झालंय!"

"हात कुठे आहे?"

"हात? अहो हां. डावीकडे कोणाचा तरी हात आला होता. नजर तिकडेच जायची. मी तो काढला."

"कोणाचा तरी?"

"म्हणजे... कोणाचा होता?"

डागबाईनं ते सांगितलं नाही. आधी तिनं दुसरंच विचारलं, कारण आवाज फुटायच्या आत ते विचारणं गरजेचं होतं. "मूळ फाइल आहे तुमच्याकडे? हात असलेली?"

"मी फोल्डरमध्येच दुरुस्त केलं आणि सेव्ह केलं. जुनी प्रत महिनाभर राहते म्हणतात. पण ह्याला झाले असतील अडीच-तीन महिने. तुमच्या फोनमध्ये असेल की मूळ फोटो."

"नाहीये."

"कॉम्प्युटरवर?"

"नाहीये."

"अहो, मग ठेवायचा ना बाई! मूळ फोटो कोणी पुसतं का?"

तिनं फोन ठेवला. डबा उघडा होता, त्यावर माशी बसली होती. तिनं डबा तसाच बंद केला, माशीसकट.

खरं तर सर म्हणाले ते तिला आधीच माहीत होतं. तिनं स्वतःच्या हातानं मूळ फोटो पुसला होता. पण स्वतःवरच्या रागाचं माणसाला काही करता येत नाही. तो तोंडात धरून बसावं लागतं. सरांवरच्या रागाचं करता येत होतं. तिनं ग्रुपवर लिहिलं: "माझी चारही पानं पुस्तकातून काढा. सरांनी माझ्या बहिणीचा हात पुसला आहे. कार्डावरचा सोडला तर तिचा दुसरा फोटो नाही. न विचारता पुसला. बाकीच्यांनी आपापली पानं उघडून बघा, तुमचंही काय काय पुसलंय ते."

सात जणांनी पानं उघडून बघितली. कोणाची खरचटलेली भिंत सारवली गेली होती, कोणाच्या अंगणातली तुटकी बादली गेली होती. कोणी काही लिहिलं नाही. "मी बघतो, बाई," असं तिघांनी वेगळं कळवलं. त्यांच्याकडे तिच्या पानाची प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. हातात एक जाकीट होतं. माणसाला माफी मागायला येताना हातात काहीतरी लागतं.

"बाई, तुमच्याशी बोलायचंय."

"काउंटरवर बोला."

"मला खरंच माहीत नव्हतं तो त्यांचा हात आहे."

"माहीत नव्हतं म्हणूनच विचारायचं असतं. माहीत असतं तर कशाला विचारायचं?"

"पानाच्या दृष्टीनं बघा ना. तिथं तो हात जरा..."

"जरा काय?"

सरांनी जाकीट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. मागच्या खोलीतून वाफेचा आवाज येत होता. मालक पावत्यांमध्ये नको तितका गुंतला होता.

"आणि सावली राहिली," डागबाई म्हणाली. "कपावर दोन बोटांची सावली तशीच आहे. सहा वर्षं आमचं डोकं खाल्लंत, सावलीला खोटं बोलता येत नाही म्हणून. हात नाही आणि हाताची सावली आहे. कोणत्या शाळेत शिकवलंत हे?"

सरांचा चेहरा उतरला. हे त्यांना लागलं; बाकी काही लागलं नसेल एवढं हे लागलं. "राहिली?" ते म्हणाले. "नाही हो. खरंच राहिली?"

"घरी जाऊन बघा."

"मी नीट करून देतो," सर घाईनं म्हणाले. "असं करू. तुम्ही तुमचा हात तसाच धरा, त्याच कट्ट्यावर, त्याच उन्हात. फोटो पाठवा, मी तो तिथं बसवतो. बहिणी-बहिणींचे हात सारखेच असतात. कळणारसुद्धा नाही कोणाला."

मालकानं पावत्या खाली ठेवल्या.

डागबाईनं काउंटरची कड धरली. ती ओरडेल असं मालकाला वाटलं होतं, त्यासाठी तो तयारही होता. ती ओरडली नाही. आवाज खाली आला, आणि तिला ओळखणाऱ्या माणसाला ते जास्त भीतीचं होतं.

"जाकीट द्या," ती म्हणाली.

"अं?"

"धुवायला आणलंत ना? द्या."

तिनं जाकीट उजेडात धरलं. कॉलरवर तेलकट पट्टा होता. पाठीवर भिंतीला टेकल्याचा चुना. "कॉलर. काढू?"

"काढा."

"पाठ. काढू?"

"काढा की."

तिनं पांढरा दोरा घातला. मग उजवी बाही उलटली. कफाच्या आत हिरव्या रंगाचा, नखाएवढा, सुकून कडक झालेला ठिपका होता. "हा? काढू?"

"नको," सर म्हणाले. एकदम म्हणाले, विचार न करता. "तो राहू दे. तो शाळेतल्या शेवटच्या..."

आणि ते थांबले.

डागबाईनं सुईत लाल दोरा ओवला. हिरव्या ठिपक्याभोवती तिनं चार टाके घातले आणि दोरा दातानं तोडला.

"मला तुमच्या बाहीचं काय पडलंय?" ती म्हणाली. "तो ठिपका कुठून आला, मला माहीत नाही, ऐकायचंही नाही. माझ्या दृष्टीनं घाण आहे ती. दोन मिनिटांत गेली असती. तरी विचारलं की नाही? रोज विचारते. सव्वीस वर्षं विचारतेय. शनिवारी या न्यायला."

सर गेल्यावर मालक म्हणाला, "बाई, म्हातारा माणूस आहे."

"मग? म्हाताऱ्याला जीभ नसते विचारायला?"

ती मागच्या खोलीत आली आणि एका पडद्यावरचा चहाचा डाग घासत बसली. घासायचा नसतो, टिपायचा असतो. तिनं घासला. पडद्याचे दोन धागे विरले, आणि तिला स्वतःचा आणखी राग आला. विरलेल्या धाग्यांकडे बघता बघता तिला एक जुनं भांडण आठवलं.

ग्रुपमध्ये औषधांच्या दुकानात काम करणारी एक पोरसवदा बाई होती. तिला सगळे झेरॉक्स म्हणत, कारण ती दर आठवड्याला कोणाच्या तरी पानाची हुबेहूब नक्कल करायची. त्याचं पान उतरवून घ्यायची आणि त्याच्या फोटोच्या जागी स्वतःच्या मांजराचा फोटो टाकायची. विसाव्या आठवड्यात तिनं ठेवलेलं पान एकोणिसाव्याचंच होतं. तोच करडा कागद, तीच तिरपी चौकट, मध्ये मांजर. डागबाईनं तेव्हा सगळ्यांसमोर लिहिलं होतं, "पुढच्या वेळी खाली माझं नावही घाला, तेवढंच उरलंय." त्यानंतर झेरॉक्स तिच्या पानांवर एक शब्द लिहीत नसे.

एकोणिसाव्या पानाची प्रत कोणाकडे असेल, तर ती त्या चोरटीकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डागबाई औषधांच्या दुकानात गेली. झेरॉक्स काउंटरमागे गोळ्यांची पाकिटं लावत होती.

"बोला मावशी. डोकेदुखी की अॅसिडिटी?"

"दोन्ही आहेत. पण त्यासाठी आले नाही."

"ग्रुपवर वाचलं मी. वाईट झालं." झेरॉक्सनं वर बघितलं नाही.

"तू विसाव्या आठवड्यात जे पान केलंस, मांजराचं... त्याची फाइल आहे का तुझ्याकडे?"

"म्हणजे कुठलं पान म्हणता?" झेरॉक्सनं पाकीट खाली ठेवलं. "मी तुमचं उचललं होतं ते? का मी स्वतः केलं होतं ते? आधी ठरवा, मावशी. उचललं असेन तरच तुमच्या कामाचं."

डागबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असं बोलून घ्यायची तिला सवय नव्हती. ताई गेल्यापासून तर मुळीच नव्हती. परत फिरून जावं असं तिला वाटलं. ती फिरली नाही.

"उचललं होतंस," ती म्हणाली. "आणि देवाची कृपा समज की उचललंस. आता दाखव."

"हे सॉरी होतं का?"

"तुला काय वाटलं ते समज."

झेरॉक्स हसली. दुकानाच्या मागे स्टूल होतं, खोक्यांवर तिचा जुना लॅपटॉप होता. फाइल उघडायला इतका वेळ लागला की मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. झेरॉक्सच्या फाइलींचं ग्रुपमध्ये हसं होत असे. बाकीच्यांच्या दहापट जड. सर म्हणायचे, "ह्या मुलीच्या पानात दगड भरलेत."

"मला लेअर काढून टाकायची भीती वाटते," झेरॉक्स म्हणाली. "चुकून काही जाईल म्हणून. मी नुसता डोळा मिटते."

प्रत्येक लेअरच्या पुढे एक छोटा डोळा असतो. तो मिटला की लेअर दिसत नाही. पण जात नाही, खाली पडून राहतो. झेरॉक्सच्या फाइलीत सत्तेचाळीस लेअर होते आणि त्यातले चाळीस डोळे मिटलेले होते. ती एकेक उघडत गेली. एक फुगा आला. मांजराचा आणखी एक फोटो. एक फीत. "शुभ सकाळ" असं लाल अक्षरांत. पुन्हा मांजर.

"किती मांजरं आहेत?"

"एकच आहे हो. फोटो खूप आहेत."

शेवटून दुसरा डोळा तिनं उघडला आणि वरचे सगळे मिटले.

डाव्या कडेनं हात आत आला. मनगटापर्यंत, दोन बोटं पुढे, अंगठ्याजवळ पांढरी खूण. कप अजून सरकतच होता.

डागबाईनं स्टुलावर बसून घेतलं. बाहेर कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. झेरॉक्स उठली आणि तिनं ते दिलं. परत आली तेव्हा डागबाई तशीच बसली होती, फक्त चष्मा हातात होता.

"मूर्ख," डागबाई म्हणाली.

"कोण, मी?"

"नाही गं. मी."

रविवारी फोटो त्याच आठवड्यातला हवा असतो. जुना फोटो चालत नाही. नियम म्हणजे नियम, आणि डागबाई तो मोडणार नव्हती, सरांना बोट ठेवायला जागा द्यायला तर नाहीच. तिनं तो हातासकटचा फोटो जाड कागदावर छापून आणला. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. लाल दोरा ओवला, आणि हाताभोवती, मनगटापासून दोन बोटांना वळसा घालून परत मनगटापर्यंत, धावदोरा घातला. कागदातून सुई काढताना कर्र असा आवाज होत होता. मग तिनं त्याचा फोटो काढला. ह्या आठवड्यातला फोटो. खाली लिहिलं: *हा काढू नये.*

आणि फाइल फोल्डरमध्ये टाकताना ह्या वेळी तिनं घरी तीन प्रती ठेवल्या. एक फोनमध्ये, एक कॉम्प्युटरवर, एक भिंतीवर.

दुपारपर्यंत आठही जणांनी लिहिलं होतं. नियमाप्रमाणे, प्रत्येकानं एक दिसलेली गोष्ट. कोणी टाके मोजले होते. कोणी लिहिलं, कप सरकतोय. सरांनी शेवटी लिहिलं: "कपावरची सावली आता बरोबर आहे." त्याखाली आणखी एक ओळ होती: "मी चुकलो." ही काही पानात दिसलेली गोष्ट नव्हती, पण ती पुसा असं कोणी म्हटलं नाही. डागबाईनं ती वाचली. राग गेला नाही. शनिवारी तिनं सरांचं जाकीट घडी करून दिलं होतं, हिरव्या ठिपक्याभोवतीचा लाल दोरा तसाच ठेवून, आणि "दोरा घरी तुम्हीच काढा" एवढंच बोलली होती. आताही तिला त्यापेक्षा जास्त बोलायचं नव्हतं. पुस्तकात जायचं तर हे पान जाईल, दुसरं नाही, असं तिनं कळवून टाकलं.

झेरॉक्सनं सहा महिन्यांनी तिच्या पानावर पहिल्यांदा लिहिलं होतं: "मधल्या बोटाच्या नखात पीठ आहे."

डागबाईनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. होतं. नखाच्या कडेनं पिठाची बारीक पांढरी रेघ होती. लोकांच्या कोटावरचा सुईच्या टोकाएवढा ठिपका जिला दहा फुटांवरून दिसत होता, तिला ती दिसली नव्हती. हात धुवायची ताई नेहमी. इतरांना ओरडून धुवायला लावायची. त्या सकाळी कणीक तशीच सोडून आली असणार, चहा निवतोय म्हणून. तिला पुन्हा राग आला, आणि तो कोणाचा ते तिला ठरवता येईना.

पुढच्या रविवारी झेरॉक्सनं पान ठेवलं. मांजराचा फोटो जाड कागदावर छापलेला, आणि मांजराभोवती लाल धावदोरा.

डागबाईनं लिहिलं, "लाज नाही वाटत?" पाठवायच्या आधी तिनं ते पुसलं. नियम आठवून तिनं पुन्हा बघितलं, नीट, आणि मग लिहिलं: "दोऱ्याची गाठ पुढच्या बाजूला आली आहे. गाठ मागे घालायची असते. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत दुकानात ये, दाखवते. आणि सुई घेऊन ये स्वतःची, माझी कोणाला देत नाही."

हे लिहितानाही ती रागातच होती.